मदत हवी आहे: परवान्याचं पिस्तूल अंगावर बाळगताना धास्ती वाटते

धागाकर्ता: पुणे पोलीस आयुक्तालयाचा परवाना आहे, .३२ चं पिस्तूल घेतलंय, प्रशिक्षणही झालंय. दुकानाची रोकड घेऊन लक्ष्मी रोडवरून कोथरूडला स्कूटरने जावं लागतं. पण कमरेला पिस्तूल असलं की हात सारखा तिकडेच जातो. चुकून सुटलं तर? शर्टातून दिसलं तर? चेंबरमध्ये (नळीच्या मागची, बार उडण्याआधी गोळी बसते ती जागा) गोळी ठेवावी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

रानपाखरू: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं. म्हणजे नुसतं पँटमध्ये खोचणं बाद.

होल्स्टर घेताना किमतीआधी दोन गोष्टी बघा. ट्रिगर पूर्ण झाकला जातो का, आणि पिस्तूल काढल्यावर तोंड उघडं राहतं का. मऊ कापडाचं तोंड मिटतं, मग पिस्तूल परत घालताना त्याचीच कड ट्रिगरमध्ये शिरते. जर्किनची नाडी, शर्टाचं टोक यांनीही हेच होतं. अपघात बरेचदा पिस्तूल काढताना नाही, परत ठेवताना होतात. तिथे घाई कशाची? डाव्या हाताने शर्ट वर, उजवं बोट नळीला समांतर सरळ, आत बघत हळू सरकवा. पट्टा जाड, ताठ हवा. मऊ पट्ट्यावर वजन लोंबकळतं, म्हणूनच हात तिकडे जातो.

सह्यवारा: चेंबरबद्दल माझं स्पष्ट मत: सध्या रिकामं ठेवा, भरलेलं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आत. जुन्या धाटणीच्या बऱ्याच .३२ पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी सुई) अडवणारी आपोआप चालणारी कळ नसते, म्हणून पडल्यावर बार उडू शकतो. आणखी एक फायदा: रोज तीच गोळी चेंबरमध्ये चढवून उतरवली की तिचं टोक काडतुसाच्या पितळी नळकांड्यात दबतं, मग बार उडताना आतला दाब धोकादायक वाढतो. चेंबर रिकामं असलं की ही भानगडच राहत नाही.

रिकामं करण्याचा क्रम मात्र कधीच बदलू नका. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे. उलट केलंत तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये चढते आणि मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामं वाटतं. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा.

भीती घालवायला घरी सराव करा. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, नळीसमोर गोळी अडवेल अशी भक्कम भिंत, डमी (बारूद नसलेलं) काडतूस घालून दहा मिनिटं. सराव संपला की "आणखी एकदा" नाही! गोळ्या परत भरल्यावर केलेला तो एक सराव जीव घेतो. मग रिकामं पिस्तूल हॅमर (मागचा आदळणारा घोडा) ताणून आठवडाभर घरातच कमरेला लावून वाका, बसा, जिने चढा. संध्याकाळी हॅमर अजून ताणलेलाच आहे, पडलेला नाही हे दिसलं की मन आपोआप शांत होतं.

धागाकर्ता: मनापासून आभार. स्कूटरच्या डिकीत ठेवलं तर? आणि पावसाळ्याचं काय?

रानपाखरू: डिकीत नको, तिथे ताबा राहत नाही. मॉलमध्ये किंवा जिथे तपासणी होते तिथे जायचं असेल त्या दिवशी घरी लॉकरमध्येच ठेवा. दारू घेणार असाल तरी तेच. शौचालयात होल्स्टरमधून बाहेर काढून कुठेही ठेवू नका. हातातून पडलंच तर पडू द्या, झेलायला जाऊ नका, बोट थेट ट्रिगरवर जातं.

पावसाळ्यात घामाने स्लाइडवर लवकर गंज धरतो. रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्या. जादा तेल नको, ते काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, बार पेटवणाऱ्या टोपीत झिरपलं की बार फुसका जातो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं.