कंजंक्शन, जंक्शन आणि बैलाच्या मानेवरचं जू

जंक्शन आणि कंजंक्शन (म्हणजे इंग्रजी व्याकरणातलं उभयान्वयी अव्यय, 'आणि'सारखे जोडणारे शब्द) एकाच शब्दातून आलेत का असं एकाने विचारलंय, तर हो, एकाच. लॅटिनमधे 'युंगेरे' म्हणजे जोडणं, त्याच्या आधी 'कोन' लावला की एकत्र जोडणं, त्यावरून 'कोन्युंक्तिओ'. रोमन लोकांनी तो ग्रीक 'सिंदेस्मोस'वरून बेतलाय, त्याचाही अर्थ एकत्र बांधणारं असाच.

पण मला जास्त आवडतं ते पुढचं. या युंगेरेचा सख्खा भाऊ म्हणजे 'युगुम', अर्थ जू. आणि संस्कृतात जू म्हणजे काय, तर युगम्! ग्रीकमधे झुगोन, इंग्रजीत योक, कारण जर्मानिक भाषांमधे, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात, मूळच्या ग चा क होतो. या सगळ्या भाषांची जी आद्य भाषा मानतात, त्या इंडो-युरोपियनमधला मूळ शब्द 'युगोम' असा काहीतरी असणार असं भाषाशास्त्रवाले मांडतात. आपल्याकडे प्राकृतात सुरुवातीच्या य चा ज झाला, यात्रेची जत्रा झाली तसंच युगाचं जू झालं.

आणि हे बघा, युगुममधे न नाहीये पण युंगेरेत मधेच न घुसलाय. संस्कृतातही डिट्टो तसंच, युग मधे न नाही पण युज् (जोडणे) धातू चालवायला घेतला की युनक्ति, युञ्जन्ति! पाणिनीय व्याकरणात असा न घुसणाऱ्या धातूंचा हा सातवा गट, रुधादि गण. शब्द सारखे दिसणं एकवेळ योगायोग म्हणता येईल, पण न घुसायची जागासुद्धा तीच म्हटल्यावर नातं मानावंच लागतं.

कॉन्जुगेशन म्हणजे धातू चालवणं, त्यातही हेच युगुम आहे, एकसारखी चालणारी क्रियापदं एका जुवाला बांधलेली.

आमच्या आजोबांकडे बाभळीचं जू होतं, दोन्ही टोकांना भोकांत शिवळा (खुंट्या) घातलेल्या आणि बैलाच्या मानेखालून जोतं (बांधायचा पट्टा) आवळलेलं, ते जोतंसुद्धा संस्कृत योक्त्र वरून आलंय, म्हणजे परत तोच युज्. शाळेत उभयान्वयी अव्यय पाठ करताना कुणी ते जू दाखवून सांगितलं असतं ना, की दोन बैल तशी दोन वाक्यं आणि मधे 'आणि', तर एका मिनिटात डोक्यात बसलं असतं.

तुमच्याकडे जू म्हणतात का जोखड? आणि शिवळेला दुसरा काही शब्द आहे का, असेल तर गाव-तालुक्यासकट लिहा.