मदत हवी आहे: साठ मीटर बँड आणि एफटी८ची पॉवर

नमस्कार मंडळी, हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं (सुरुवातीच्या पातळीचं) लायसन्स हातात येऊन दोनच महिने झालेत, चाळीस मीटर बँडवर ७.०७४ मेगाहर्ट्झला एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) सुरू केलंय आणि खरं सांगतो, गच्चीवरच्या साध्या डायपोल अँटेनावर जपानचा पहिला सिग्नल डिकोड झाला तेव्हा मी आईला झोपेतून उठवून स्क्रीन दाखवली.

आता अडचण. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हॅमना साठ मीटर बँडवर ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ एवढीच पंधरा किलोहर्ट्झची पट्टी मिळाली आणि बहुतेक देशांना मर्यादा १५ वॅट ईआयआरपी (अँटेना सिग्नल एका दिशेला एकवटते तो गेन धरून मोजलेली पॉवर). म्हणजे रिगवरचे (रेडिओ सेटवरचे) १५ वॅट नव्हेत ना? डायपोलचा गेन २.१५ डीबीआय धरला तर अँटेनाला साधारण ९ वॅटच द्यायचे असं माझं गणित येतंय, केबलमधला लॉस वेगळा धरायचा, बरोबर आहे का? आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्याला तिथे ट्रान्समिट करता येतं का, की नुसतं ऐकायचं? नियम मोडून एकही कॉल करायचा नाहीये मला.

दुसरं, चाळीसवर व्हॉइसला एलएसबी (लोअर साइडबँड) वापरतो पण एफटी८ला यूएसबीच (अपर साइडबँड) का ठेवतात?

आणि काल पंधरा सेकंदांतले जवळपास तेरा सेकंद सलग ट्रान्समिट होतंय म्हटल्यावर रिगच्या मागे हात लावून बघितला तर चटका बसला हो, एएलसीचा (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटाही वर सरकलेला, एका सीनियरनी सांगितलं सिग्नल पसरतोय. लॅपटॉपचा आवाज कमी करायचा की रिगची पॉवर, आधी काय? कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

७३ (म्हणजे हॅम भाषेत शुभेच्छा)