मदत हवी आहे: जुन्या पेंटियम संगणकांवर सेजमॅथ कसे बसवावे?

नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात गणित शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत ११ संगणक असून सर्वांमध्ये पेंटियम ड्युअल कोअर ई ५३०० हा प्रोसेसर, जी ३१ चिपसेटचा बोर्ड आणि २ जीबी रॅम आहे. पूर्वी कोणीतरी त्यांवर ल्युबंटू १८.०४ या लिनक्स प्रणालीची ३२ बिट आवृत्ती बसवून ठेवली आहे. या वर्षी नवे संगणक मिळणार नाहीत, हे नक्की झाले आहे. तृतीय वर्षाच्या मुलांना याच यंत्रांवर सेजमॅथ (थोडक्यात सेज) हे गणिताचे मुक्त सॉफ्टवेअर वापरता यावे म्हणून मी गेले तीन आठवडे खटपट करत आहे. जे जे करून पाहिले ते सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला पुन्हा मुळापासून विचारावे लागणार नाही.

सेजच का, हा प्रश्न येईल म्हणून आधी तेच सांगतो. पारी-जीपी, मॅक्सिमा आणि गॅप हे गणिताचे तिन्ही प्रोग्राम आमच्या ३२ बिट ल्युबंटूवर त्याच्याच रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या अधिकृत भांडारातून) विनातक्रार बसले आहेत. १९०३ साली अमेरिकन गणितज्ञ कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचे अवयव मांडून दाखवले होते. तीच संख्या एका विद्यार्थिनीने जीपीमध्ये घातली आणि एंटर दाबताच १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव पडद्यावर आले. तिने कागदावर गुणाकार करून ते पडताळून पाहिले. गॅपवर मुलांनी चार चिन्हांच्या सममित गटाचे ३० उपगट काढून आपल्या हाताने केलेल्या यादीशी ताडून पाहिले. म्हणजे यंत्रे जुनी असली तरी गणिताला कमी पडत नाहीत.

अडचण आहे ती तीन वेगवेगळ्या व्याकरणांची. चलाला किंमत देण्यासाठी मॅक्सिमात अपूर्णविराम लागतो, गॅपमध्ये अपूर्णविराम आणि बरोबरचे चिन्ह एकत्र लागते, तर जीपीत नुसते बरोबरचे चिन्ह पुरते. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला तर मॅक्सिमा आणि गॅप उत्तर दाखवतात, पण जीपी नेमके तेच उत्तर लपवते. आठवड्याला दोन तास मिळणाऱ्या मुलांचा निम्मा वेळ या चिन्हांतच जातो आणि गणित बाजूला राहते. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सेजमध्ये हेच प्रोग्राम आतून काम करतात आणि वापरणाऱ्याला पायथनचे एकच व्याकरण पुरते. सायलॅब मी स्वतः शिकवतो आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे मुलांना दाखवतो. परंतु ते आकडेमोडीचे साधन आहे, गटसिद्धांत आणि संख्या सिद्धांतातील अचूक अंकगणित हे त्याचे क्षेत्र नव्हे.

आता प्रयत्नांविषयी. मिनिफोर्ज या तयार पॅकेजे बसवणाऱ्या साधनातून सेज बसवणे सर्वांत सोपे असे वाचले होते. मात्र इंटेलच्या ३२ बिट लिनक्ससाठी मिनिफोर्ज उपलब्धच नाही. मग एलएससीपीयू ही आज्ञा देऊन प्रोसेसरचे फ्लॅग (त्याला काय काय जमते ते सांगणारी लघुनावे) पाहिले. त्यांत एलएम हा फ्लॅग आहे, म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचा आहे आणि इतकी वर्षे तो ३२ बिटमध्ये चालवला जात होता. एसएसएसई ३ या सूचनासंचाचा फ्लॅग आहे, पण त्यानंतरच्या एसएसई ४.१ चा नाही. या नसलेल्या फ्लॅगचे महत्त्व मला नंतर कळले.

त्यानंतर एका यंत्रावर डेबियन १२ ची ६४ बिट आवृत्ती बसवली. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या नव्या लॅपटॉपवर सेज कम्पाइल करून (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवून) ते पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर आणून दिले आणि आम्ही ते त्याच मार्गावर, त्याच नावाने ठेवले. सेज सुरू होऊन त्याची पाटी दिसली, पण पहिलाच मॅट्रिक्स घातल्यावर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ एवढाच संदेश येऊन प्रोग्राम बंद पडला. माझ्या समजुतीप्रमाणे, कम्पाइल करताना त्याच्या लॅपटॉपवरच्या नव्या सूचना ओळखून त्यांचाच वापर झाला आणि त्या आमच्या प्रोसेसरला ठाऊक नाहीत. कॉन्फिगर करताना फॅट बायनरीचा (जुन्या-नव्या प्रोसेसरांवर चालेल असा प्रोग्राम बनवण्याचा) पर्याय द्यायला हवा होता, तो आम्ही दिला नव्हता.

शेवटी याच यंत्रावर मूळ कोडपासून कम्पाइल करायला घेतले. संध्याकाळी सात वाजता सुरू केलेले काम रात्री लिनबॉक्स या सेजच्या एका घटकापाशी थांबले. पडद्यावर सीसी१प्लस हा कम्पायलर ‘किल्ड’ झाल्याची ओळ होती आणि प्रणालीच्या संदेशांत (डीमेसेज) मेमरी संपल्याची नोंद होती. ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) केली, बांधणी करणारे मेक दोनऐवजी एकाच जॉबवर चालवले, तेव्हा लिनबॉक्स पार पडले. मात्र पहाटे वीज गेली. पूर्ण झालेली पॅकेजे मेक पुन्हा बांधत नाही, त्यामुळे पुढे चालू ठेवता येते हे खरे. तरीही अकरा यंत्रांवर हे करणे शक्य दिसत नाही.

दोन दिवसांनंतरची भर: संगणक विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारले, “सर, डेबियनच्या रिपॉझिटरीत सेज आहे का ते पाहिलंत?” मी पाहिले नव्हते. जुनी आवृत्ती असेल म्हणून मी तो मार्ग सोडून दिला होता. डेबियन १२ मध्ये सेज ९.५ आहे आणि ते आमच्या यंत्रावर चालते, कारण डेबियनची ६४ बिट पॅकेजे सर्वांत साध्या ६४ बिट प्रोसेसरला धरून बांधलेली असतात. पहिल्यांदा सुरू व्हायला जवळजवळ मिनिट लागले, पण मॅट्रिक्सचा व्यस्त बिनचूक आला. आमच्या अभ्यासक्रमाला ९.५ पुरेसे आहे.

त्यामुळे आता माझे प्रश्न वेगळे आहेत. प्रयोगशाळेतील इंटरनेट इतके संथ आहे की अकरा वेळा पॅकेजे उतरवणे परवडणार नाही. एका यंत्राच्या एपीटी कॅशमधील (डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन उतरवलेल्या फाइली जिथे ठेवते तिथल्या) डेब फाइली पेन ड्राइव्हने इतरांवर न्याव्यात, की त्याच यंत्रावर, एकदा उतरवलेली पॅकेजे इतर यंत्रांना पुरवणारे एपीटी-कॅशर-एनजी बसवून बाकीची यंत्रे त्याच्याकडे वळवावीत? हे काम ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव मला हवा आहे.

दुसरा प्रश्न मेमरीचा आहे. २ जीबीमध्ये ब्राउझर आणि ज्युपिटर (सेज ब्राउझरमधून नोटबुकच्या रूपात वापरण्याची सोय) एकत्र चालवले की यंत्र स्वॅपवर जाते आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. टर्मिनलमध्ये मात्र सेज व्यवस्थित चालते. बोर्डावर जास्तीत जास्त ४ जीबी रॅम बसते. एका यंत्रात तेवढी बसवून त्यावर ज्युपिटर चालवावे आणि बाकी दहा यंत्रांनी लॅनवरून नुसता ब्राउझर उघडावा, असा विचार होता. पण प्रत्येक विद्यार्थ्याचे कर्नल (नोटबुकमागे गणना करणारा भाग) ही स्वतंत्र प्रक्रिया असते आणि मी मोजले तेव्हा एका कर्नलने सुमारे २५० एमबी घेतली होती. दहा जणांचे ओझे हे यंत्र पेलेल असे मला वाटत नाही. मुलांना सरळ टर्मिनलवरच शिकवावे, की कमी मेमरीत नोटबुक चालवण्याची एखादी रीत कोणाच्या वापरात आहे? परीक्षेपूर्वी सहा प्रात्यक्षिके व्हायची आहेत, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर मिळाले तर फार उपकार होतील. लागल्यास कॉन्फिगची लॉग फाइल आणि एलएससीपीयूचे पूर्ण उत्तर येथे देतो.