मदत हवी आहे: सप्टेंबरपासून तळाला मासा नाही, 60 वावांपुढे (1 वाव म्हणजे सुमारे 6 फूट खोली) जावं का?

धागाकर्ता (रत्नागिरी, ट्रॉलर)
31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली, ऑगस्टमध्ये मासळी बरी होती. सप्टेंबरच्या मध्यापासून 20 ते 35 वावांत तळाला जाळं ओढलं की जेलीफिश आणि गाळ. राणी मासा, कोळंबी नावालाच. जाळं धड आहे, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या नीट उघडतात, वायर खोलीच्या चौपट सोडतो. तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणतो 60 वावांपुढे चला. डिझेल-बर्फाचा खर्च बघता जावं का?

वाव_मोजणारा
दादा, आत्ता खोल जाऊ नका. पावसाळी वाऱ्यांच्या काळात खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळालगत किनाऱ्याकडे चढतं. वर नद्यांचं गोडं पाणी मिसळलेला कोमट थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे खाली हवा मिसळत नाही. तळाला कुजणारं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) उरलासुरला प्राणवायूही खातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सगळ्यात वाईट असतं, गोवा-कारवारकडे तर जास्तच. 60 वावांकडे जाणं म्हणजे जिथून हे पाणी वर येतं तिकडेच जाणं.

खात्री करायची असेल तर सर्वांत कमी तापमान नोंदवून ठेवणारा छोटा तापमापक शिशाच्या वजनाला बांधा आणि तळाला दहा मिनिटं ठेवा. वर 28 अंश आणि खाली 22-23 आले तर तो थर तुमच्या जाळ्याखालीच आहे. तिथे तीन तास ओढण्यात अर्थ नाही. आधी अर्ध्या तासाची चाचणी ओढ घ्या.

धागाकर्ता
फिश फाइंडरवर 10-12 वावांवर पट्टा दिसतो, त्याखाली कोरं. तो मासाच का?

वाव_मोजणारा
असू शकतो, पण जेलीफिश आणि बारीक प्लवकाचाही पट्टा उमटतो. मासा दाटीवाटीने कोमट थराच्या तळाशी येतो, वाकटी आणि बांगडा विशेष. जाळं तळावरून उचलून बघा: वायर थोडी आत घ्या, वेग अर्धा-पाऊण नॉट वाढवा, जाळ्याच्या वरच्या दोराला जास्तीचे तरंगते गोळे लावा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने जाळं उचललं ते कळणार नाही. कोळंबी उथळाकडे सरकते, पण ट्रॉलरला किनाऱ्यालगत मनाई आहे, तेव्हा तिच्यामागे आत शिरू नका. ती छोट्या होड्यांची रोजी आहे.

उत्तरेचा_वारा
यात भर. नोव्हेंबरपासून किनाऱ्यालगतचा प्रवाह फिरून उत्तरेकडे वाहतो, कोमट थर जाड होतो आणि थंड पाणी खाली जातं. तळाची मासळी तेव्हा परतते. तारखेवर विसंबू नका, तापमापकावर विसंबा: तळ 26 च्या वर गेला की नेहमीच्या 20-30 वावांत पुन्हा ओढायला हरकत नाही. गिलनेटवाल्यांनी (पाण्यात उभं जाळं टांगणाऱ्यांनी) थर जाड झाला की बोयाची दोरी वाढवावी, सुरमई खाली उतरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे महिने आहेत. 2019 चं क्यार चक्रीवादळ ऑक्टोबरच्या शेवटी आलं होतं. परतीसाठी एक तृतीयांश डिझेल हात न लावता ठेवा. समोरून लाट असली की तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त जळतं.

धागाकर्ता
तांडेलाला हे वाचून दाखवलं. 60 वावांचा बेत सध्या रद्द. तापमापक जाळ्याच्या वरच्या दोरालाच बांधून ठेवला तर चालेल?

वाव_मोजणारा
नको. वरचा दोर तळापासून दोन-तीन मीटर उंच राहतो, आकडा फसवेल. फळीला आतल्या बाजूने, दगड लागणार नाही असा बांधा.