संशय आधीपासून होता का?

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातला सेनापती ऑथेल्लो मुळातच संशयी होता, त्याच्या हाताखालच्या इयागोने नुसती काडी टाकली, असं मत या चर्चेत मांडलं गेलंय, ते मला पटत नाही. तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश सावकाश वाचून पाहा. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसियो ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डिमोनाशी, बोलून लगबगीने निघून जातो आणि इयागो पुटपुटतो, 'हे मला आवडलं नाही.' काय आवडलं नाही, ते सांगत नाही. पुढे ऑथेल्लो विचारतो, कॅसियो प्रामाणिक नाही का? इयागो तोच शब्द परत करतो, 'प्रामाणिक, महाराज?' आरोप एकही नाही! उरलेलं वाक्य ऑथेल्लो स्वतःच मनात पुरं करतो. वर मत्सरापासून जपा, असं सांगणाराही इयागोच. किती भयंकर आहे हे!

आणि ऑथेल्लोची जखम कुठे आहे, हे इयागोला नेमकं ठाऊक असतं. 'हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल,' असं डेस्डिमोनाचा बाप ब्राबान्शियो पहिल्या अंकात ऑथेल्लोला बोलून गेलेला असतो. ते ऐकलेलं वाक्य इयागो बरोबर वेळ साधून बाहेर काढतो.

ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेल्या रुमालाचं तर मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. नवऱ्याचं डोकं दुखतंय म्हणून डेस्डिमोना तो बांधायला जाते, ऑथेल्लोच तो दूर सारतो आणि रुमाल खाली पडतो. तिच्या मायेतून निसटलेली वस्तूच पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा होते. तो उचलून इयागोला देणाऱ्या त्याच्या बायकोबद्दल, एमिलियाबद्दल, इथे फारसं कुणी बोललं नाही. शेवटी जीव घालवून खरं बोलते ती तीच.