फ्रान्समधील लहान गावे आपल्या जुन्या वास्तू कशा सांभाळतात?

भुदरगडकर:
आमच्या गावच्या ओढ्याकाठचा दगडी घाट दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतो आहे. ग्रामपंचायत म्हणते तो देवस्थानचा, विश्वस्त म्हणतात तो गावाचा. फ्रान्समधील चार-पाचशे वस्तीच्या खेड्यांतही जुनी चर्चे आणि धुण्याचे हौद शाबूत असतात, असे वाचले. त्यांचा खर्च कोण करते, हे तिकडे राहून आलेल्या कोणी सांगितल्यास उपकार होतील.

रंकाळाकाठ:
कामानिमित्त मी काही महिने कोरेझ जिल्ह्यातील एका खेड्यात राहिलो, त्यावरून लिहितो. तिथे मालकीचा घोळ बराचसा कायद्यानेच मिटवलेला आहे. १९०५ मध्ये शासन आणि धर्मसंस्था वेगळ्या झाल्या, तेव्हापासून त्याआधी बांधलेली बहुतेक गावचर्चे 'कम्यून'च्या, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या, मालकीची आहेत. त्यामुळे छप्पर गळू लागले की पाद्र्याने नव्हे, तर 'मेर'ने, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, धावायचे असते. देशात अशी सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पाचशे वस्तीच्या आतली आहेत, हे लक्षात घेतले तर हे ओझे केवढे, याची कल्पना येईल.

धुण्याच्या हौदाला तिकडे 'लावार' म्हणतात. झऱ्याचे पाणी दगडी हौदात घेतलेले, कडेला कपडे घासण्यासाठी उतरता दगड आणि बहुधा वर छप्पर. पटकी आणि विषमज्वराच्या धास्तीने १८५१ मध्ये सरकारने अशा हौदांसाठी अनुदानाचा कायदा केला आणि गावोगाव ते उभे राहिले. माझ्या खेड्यातला पाहून मला आपली धुण्याची चावीच, म्हणजे कपडे धुण्याची सार्वजनिक जागा, आठवली. फरक एवढाच की तिथे आता कोणी धूत नाही, हौदाच्या काठावर कुंड्या मांडलेल्या असतात.

पैशांचे म्हणाल, तर कम्यूनचा वाटा, जिल्हा व प्रांताचे अनुदान आणि लोकवर्गणी असे जुळवून काम होते. २०१८ पासून वारसा-वास्तूंसाठी खास लॉटरीही निघते.

पंचगंगेचा पाहुणा:
चित्र इतके गोजिरे नाही. कोरेझमधीलच कोलोंज-ला-रूज या तांबड्या वालुकाश्माच्या गावी 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे' ही संघटना १९८२ मध्ये सुरू झाली. दोन हजारांच्या आत वस्ती आणि किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे, अशा तिच्या अटी आहेत. अशा गावांत उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात अनेक खिडक्या बंद दिसतात, कारण ती घरे शहरवाल्यांची सुट्टीतली असतात. शिवाय संरक्षित वास्तूभोवतीच्या ठरवलेल्या टापूत, सामान्यतः पाचशे मीटरपर्यंत, खिडकीची चौकट बदलायची तरी सरकारी वास्तुविशारदाचे मत लागते. पन्हाळ्यावर घर असलेल्यांना ही कटकट वेगळी समजावून सांगायला नको.

रंकाळाकाठ:
बंद खिडक्या मीही पाहिल्या. माझ्या खेड्यातली शाळाही बंद झाली होती. तरीही चर्चचे छप्पर नवे होते, आणि ते करणाऱ्या मेरला पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब द्यावा लागणार होता.

भुदरगडकर:
दोघांचेही आभार. म्हणजे वर्गणीची पावती-पुस्तके छापण्याआधी मालकीचा कागद काढायला हवा. घाट गावठाणात येतो की ओढ्याच्या सरकारी हद्दीत, हे पाहण्यासाठी सोमवारी तलाठ्यांकडून नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीची जुनी नोंद मागतो. नोंद मिळाली की इथेच लिहीन.