मदत हवी आहे: दहिसरहून अंधेरी पूर्वेला जाताना आईने मेट्रोची कुठली पाटी बघायची?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. आई ६७ वर्षांची, तब्येत ठणठणीत आणि एकटीने फिरायची हौस दांडगी. पुढच्या महिन्यात मडगाव-वांद्रे गाडीने बोरिवलीला उतरून ती दहिसरला मावशीकडे राहणार आहे. तिथून दोन वेळा अंधेरी पूर्वेला, गुंदवली मेट्रो स्टेशनजवळ डोळे दाखवायला जायचंय. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे सोबतीला कुणी नाही.

भीती वाटते ती मागच्या खेपेमुळे. दादरहून अंबरनाथला जायचं होतं. कुणीतरी सांगून ठेवलेलं, गाडीच्या कपाळावर 'ए' दिसला की चढ. आईला 'ए' दिसला, आई चढली आणि पोचली अंधेरीला! चुकून पश्चिम लाईनच्या फलाटावर गेली होती. तिकडे 'ए' म्हणजे अंधेरी, मध्य रेल्वेवर 'ए' म्हणजे अंबरनाथ. आई अजून म्हणते, "अक्षर बरोबरच होतं की." यावर काय बोलणार! आमच्या इथे कंडक्टर पायरीवर लोंबकळत "पणजे पणजे पणजे" ओरडत असतो, पाटी वाचायची वेळ येतेच कुणावर?

मेट्रोच्या गाड्यांवर अख्खं नाव येतं म्हणून मी निर्धास्त होतो. पण आता कळतंय की दहिसर पूर्वेला एका गाडीवर 'अंधेरी पश्चिम' असतं आणि दुसरीवर 'गुंदवली'. आईच्या डोक्यात पक्कं बसलंय की डॉक्टर अंधेरीला. ती कुठल्या गाडीत चढेल हे सांगायला ज्योतिषी नको. तिला नेमकं काय सांगू? मराठी झरझर वाचते, मोबाईलवरचा नकाशा मात्र जमत नाही.

दहिसरचा भाऊ:
आधी 'अंधेरी' हा शब्दच काढून टाका. आईंना सांगा, तुम्हाला गुंदवलीला जायचंय, बस्स. हे स्टेशन अंधेरी पूर्वेलाच आहे, पण नावात अंधेरी नाही, तिथेच सगळे फसतात. २ए आणि ७ या दोन्ही मार्गिका दहिसर पूर्वेला जोडलेल्या आहेत. एक पश्चिमेकडून बोरिवली, कांदिवली, मालाड करत अंधेरी पश्चिमेला जाते, दुसरी हायवेवरून मागाठाणे, दिंडोशी, गोरेगाव पूर्व करत गुंदवलीला. नकाशावर घोड्याच्या नालेसारखा आकार दिसतो. गाड्याही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात, त्यामुळे दहिसरला 'गुंदवली' लिहिलेली गाडी अंधेरी पश्चिमेहूनच आलेली असू शकते. कुठून आली ते बघू नका, पाटीवर पुढचं नाव असतं.

जुना लोकलवाला:
एकट्या अक्षराचा घोटाळा जुनाच आहे. मध्यवर कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन', वर स्लो गाडीचाही 'एस'! लांबून, गर्दीत, क्षणात ओळखायला एक अक्षर बरं पडतं, पण कुणाला? रोज जाणाऱ्याला. नवख्याने फलाटावरच्या इंडिकेटरवर पूर्ण नाव वाचावं आणि मग गाडीकडे बघावं.

फोंडेकर (मूळ प्रश्न माझाच):
भाऊ, 'गुंदवली'चं पटलं. पण आई बोलता बोलता चढून बसते. पाटी बघायची राहिलीच तर?

दहिसरचा भाऊ:
मग पुढचं स्टेशन ऐकायचं. दहिसर पूर्वेनंतर 'ओवरीपाडा' आलं तर गाडी बरोबर. 'आनंद नगर' आलं तर चुकली, तिथेच उतरून दहिसरला परत यायचं. घोषणा मराठीतही होते, फोनमध्ये डोकं नसलं की झालं.

आणि समजा गप्पांत थेट अंधेरी पश्चिमेला पोचल्याच, तरी रडायचं कारण नाही. तिथून पुलाने डी. एन. नगरला जाऊन घाटकोपरकडची मेट्रो पकडायची. आझाद नगर, अंधेरी आणि तिसरं स्टेशन पश्चिम द्रुतगती महामार्ग. तिथे उतरलं की पादचारी पुलाने गुंदवली. फक्त या मेट्रोत 'वर्सोवा' पाटीच्या गाडीत बसू नका, ती उलटी जाते.

म्हापशाची सून, आता कांदिवलीत:
माझ्या सासूबाईंसाठी मी कागदावर दोनच ओळी लिहून दिल्या होत्या. जाताना एक नाव, येताना एक नाव. येतानाचं विसरू नका हं! गुंदवलीहून निघणाऱ्या गाडीवर 'अंधेरी पश्चिम' असेल तर आई घाबरतील, "मी तर अंधेरीलाच आहे" म्हणून. तीच गाडी दहिसरवरून जाते. दहिसर पूर्व आलं की उतरायचं, गाडी पुढे जाऊ दे.

फोंडेकर:
हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जाताना 'अंधेरी पश्चिम' टाळायचं आणि येताना त्यातच बसायचं! आईला सगळं वाचून दाखवलं. तिने कॅलेंडरच्या पानामागे 'जाताना गुंदवली, ओवरीपाडा' लिहून घेतलंय, खाली 'येताना दहिसर पूर्वला उतरणे'. देव बरें करूं सगळ्यांचें. गेल्यावर काय घडलं ते इथेच कळवतो.